पेंटरने रंगवलेला चेसिस नंबर

अक्षरावर जीव लावणारा माणूस तो. शहरातल्या कितीतरी दुकानांच्या माथ्यावर त्याचा हात फिरलेला. पण त्याचे नाव विचारले तर कोणाला सांगता येत नसे. सगळे त्याला पेंटर म्हणत, आणि तोही स्वतःची ओळख तीच सांगे. पाटी औषधांच्या दुकानाची असो, शिवणक्लासची असो, पहिली रेघ ओढण्याआधी तो डोळे मिटून देवाला हाक मारी; आणि एकदा का कुंचला टेकला की तहान नाही, भूक नाही, भान नाही. पुसट अक्षर त्याला बघवत नसे. रस्त्याने जाताना एखादी विटलेली पाटी दिसली, तर ओळखीचे माणूस आजारी दिसावे तसा तो हळहळे.

असा हा पेंटर त्या दुपारी जुन्या गाड्यांच्या आवारात, आपल्याच गाडीपुढे अपराध्यासारखा उभा होता.

गाडी घेतली होती आक्कासाठी. आक्का त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला न्हाऊमाखू घातले, शाळेत धाडले, आजारपणात उशाशी बसली. स्वतःचे लग्न ती पुढे ढकलत राहिली आणि ते पुढेच जात राहिले. आता तिच्या खुब्याचे ऑपरेशन झाले होते. रिक्षात कोंबून न्यायचे नाही, पाय लांब राहिला पाहिजे, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून पुढची सीट भरपूर मागे सरकेल अशी गाडी त्याने धुंडाळून धुंडाळून काढली. आज आक्काला घरी सोडणार होते. सकाळीच कपडे बदलून, पिशवी भरून ती पलंगाच्या कडेला बसली होती, आणि वॉर्डातल्या प्रत्येकीला तिने सांगून ठेवले होते, माझा भाऊ गाडी घेऊन येतोय.

आणि गाडीला विमा नव्हता. आधीच्या मालकाचा कधीच संपलेला. नव्यासाठी विमा कंपनीचा सर्वेअर गाडी तपासायला आलेला. त्याने काच पाहिली, टायर पाहिले, मग बॉनेट उघडले. आतल्या पत्र्यावर कोरलेल्या चेसिस नंबरावर त्याने पातळ कागद धरला आणि वरून पेन्सिल घासू लागला. कोरलेल्या खाचा असल्या की काळ्या कागदावर पांढरे आकडे उमटतात. तोच छाप कंपनीला लागतो. त्याने घासले, पुन्हा घासले. कागद नुसता काळा झाला.

"काही उठतच नाहीये," सर्वेअर म्हणाला. "हे काय केलंय इथं?"

इथे पेंटरचा चेहरा खुलला. "मी केलंय साहेब. गंजून गेला होता नंबर. तुम्हाला वाचायला त्रास नको म्हणून परवा येऊन भरून ठेवला."

खरेच, काय आकडे होते ते. पिवळेधमक, टपोरे, प्रत्येकाला बाजूने बारीक काळी सावली. एकेक खाच त्याने ऑइल पेंटने काठोकाठ भरली होती, आणि काठोकाठ भरली म्हणूनच कागदाखाली खाच उरली नव्हती.

"काका, तुम्ही माझा त्रास वाचवलात की वाढवलात? या रंगाखाली मूळचा नंबर आहे की दुसराच, मला कसं कळणार? चोरीच्या गाड्यांना असंच करतात लोक."

चोरी हा शब्द पेंटरच्या छातीत रुतला. पलीकडे खुर्ची टाकून बसलेला गाडीवाला शेठ मात्र पोट धरून हसला. "पेंटर, तुम्ही गाडी घेतलीत की पाटी?"

"रंग काढून ठेवा," सर्वेअर बॅग उचलत म्हणाला. "पुढच्या गल्लीतल्या गाड्या बघून परत येतो. पण पत्रा खरवडू नका. ओरखडा दिसला तर मी सही करणार नाही."

मग सुरू झाले ते कष्ट. टर्पेंटाइन, चिंधी, सुई. पेंटर इंजिनावर ओणवा झाला आणि आपल्याच हाताशी झगडू लागला. हलका रंग त्याने जन्मात वापरला नव्हता. ऊन खाईल, पाऊस पिईल, पण हटणार नाही, असे तो गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगे. आणि आज तो रंग त्याचा शब्द खरा करून दाखवत होता. कंबर धरली, बोटे चुरचुरू लागली, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आधी तो सर्वेअरवर चिडला, मग शेठवर, मग रंगाच्या कंपनीवर. शेवटी त्याने थेट वरच तक्रार नेली. देवा, तुझं नाव घेऊन रेघ ओढली होती. ती इतकी पक्की कशाला करून ठेवलीस?

एवढ्यात आक्काचा फोन. "कुठवर आलास?"

"गाडीपाशी आहे."

"गाडीपाशी असून काय उपयोग? गाडी माझ्यापाशी आण. इथं पलंगावरची चादरसुद्धा काढून नेली."

शेठने ते ऐकले. तो उठून जवळ आला, आता न हसता. "अहो, सरळ रस्ता आहे. कोण अडवतंय तुम्हाला? आक्कांना घरी पोचवा, विम्याचं उद्या बघू. इथून सगळे असेच नेतात."

पेंटर गाडीत बसला. किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झाले. जणू तेही शेठच्याच बाजूचे. फाटक उघडे होते. त्याने स्टिअरिंग धरले आणि मनात रस्ता पाहिला: वळण, शाळा, बाजार. कोणी एकदम आडवे आले तर? पाटी रंगवणारा माणूस त्याला काय भरून देणार? जो चाकाखाली येईल, त्याचीही कुठेतरी एखादी आक्का असेल. त्याने इंजिन बंद केले, खाली उतरला आणि पुन्हा सुई हातात घेतली.

उन्हे कलली तेव्हा सर्वेअर परतला. कागद, पेन्सिल, आणि या वेळी आकडे उमटले. ओबडधोबड, गंजाने खाल्लेले, पण खरे. त्याने फोटो धाडले, फोनवर काहीबाही टिपले. "झालं काका. विमा निघाला."

"मग निघू?"

"निघा की. फक्त विमा आज रात्री बारानंतर लागू होतो."

"रात्री बारानंतर," पेंटर म्हणाला.

"नियमच आहे तो. पुढं तुमची मर्जी."

चिंधी त्याने इतक्या जोराने आपटली की शेठचे मांजर उडून पळाले. मग किल्ली काढून त्याने शेठच्या हातावर ठेवली.

"रात्रभर तुमच्याकडे असू द्या. माझ्या खिशात राहिली तर मी नेईन."

शेठने मूठ मिटली.

आक्काला सांगताना त्याने एकही गोष्ट लपवली नाही. मग ती म्हणाली, "सगळ्या वॉर्डाला सांगून बसलेय मी. आता तोंड कुठं लपवू? सिस्टरला विचारते, आजची रात्र ठेवतात का." फोन तिने तसाच चालू ठेवला असावा, कारण शेजारच्या पलंगावरची बाई विचारताना ऐकू आली, "काय हो, नाही आली गाडी?"

"गाडी आहे," आक्का म्हणाली. "विमा उद्यापासून आहे."

"त्यात काय मोठं? आमचा तर लायसन्ससुद्धा नसताना हाणतो."

"तुमचा हाणत असेल. आमचा नाही हाणत."

मग ती पुन्हा फोनवर आली. "ऐकलंस ना? आता बसनं ये. भरलेली पिशवी परत सोडायचीय, मला वाकता येत नाही."

पेंटर बसथांब्याकडे निघाला. राग तसूभरही उतरला नव्हता. पाय मात्र भराभर पडत होते.