पालथा घातलेला बोर्ड

"साहेब नसते तर मी नाल्याकाठी कुजले असते."

हे वाक्य मी माइकवर वाचलं. वर्धापनदिनाच्या भर कार्यक्रमात, सगळ्यांसमोर. माझं वाक्य नव्हतं ते. मॅडमने लिहून दिलेलं. 'कुजले' या शब्दाखाली तिने रेघ मारली होती, म्हणजे तिथे जरा थांबायचं. मी थांबले. टाळ्या पडल्या. साहेबांनी लाजल्यासारखी मान खाली घातली. मॅडमने मला कोपराने ढोसलं, तशी मी वाकले आणि साहेबांच्या पायाला हात लावला.

समोर खुर्च्या होत्या. खुर्च्यांच्या मागे, सतरंजीवर, आई. सकाळी तो मांडव तिनेच झाडला होता. ती पदराने डोळे पुसत होती. दुःखाने नाही, आनंदाने. आपल्या पोरीला स्टेजवर बोलावलं म्हणून. तेच मला आजही सहन होत नाही.

साहेब म्हणजे आमच्या भागातल्या एका संस्थेचे अध्यक्ष. मॅडम त्यांची सून. संस्थेची अभ्यासिका तीच चालवायची. तेव्हा मी तिला 'त्या' म्हणायचे. आता जीभ वळत नाही.

आम्ही उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये राहतो, नाल्याच्या कडेला. घर म्हणजे एक खोली, आणि त्या खोलीत निम्म्यापर्यंत जीन्सचे ढीग. कारखान्यात शिवून झालेल्या पॅन्टचे लोंबते धागे आई घरी बसून कापायची. जेवढे नग कापले तेवढी मजुरी. बल्ब एकच, तो तिच्या डोक्यावर. वडील माझ्या शाळेच्या दिवसांतच गेले. मी पोलीस भरतीची तयारी करत होते. पळायला मैदान होतं, पुस्तक घेऊन बसायला कोपरा नव्हता.

म्हणून अभ्यासिकेत गेले. मॅडमने नाव विचारलं. सांगितलं. मग आडनाव विचारलं. तेही सांगितलं.

"अच्छा."

एवढंच म्हणाली. पण हे 'अच्छा' आम्हाला लहानपणापासून ओळखता येतं. दुकानात, शाळेत, भाड्याची खोली बघायला गेल्यावर. त्यात सगळं येतं.

"आत फुल आहे," मॅडम म्हणाली. "तू पॅसेजमध्ये बस. पाणी घरून आण. कूलर आतल्या मुलांसाठी आहे."

आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. काचेतून दिसत होत्या ना मला! पण मी 'हो मॅडम' म्हटलं. गरज होती. पॅसेजमध्ये चपलांच्या रॅकला लागून आमच्या वस्तीतल्या आणखी दोघी-तिघी बसायच्या. फरशी गार पडायची म्हणून तिथे पत्र्याचा एक मोठा फळा टाकलेला होता, लाकडी चौकटीचा. त्यावर मांडी घालायची आणि वाचायचं. आतला कुणी बाहेर आला की त्याची चप्पल आमच्या वह्यांवरून जायची. एकदा एक पोरगी कुरकुरली, तर मॅडम म्हणाली, "फुकट बसता ना? मग तक्रार कसली?"

फुकट! हट्.

मला जागा मिळाली त्याच आठवड्यात मॅडमने निरोप दिला होता. आईला म्हणावं, रविवारी बंगल्यावर येऊन जरा हातभार लाव. हातभार म्हणजे जिने, गॅलऱ्या, संडास, साहेबांची गाडी. दिवसभर. मजुरी नाही. चहा मिळायचा, पण त्याचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला. आई रविवारी डबा घेऊन निघायची आणि म्हणायची, "अगं, त्यांनी जागा दिली. आपल्याकडे देण्यासारखं काय आहे? हात आहेत, ते देऊ." रविवारचे धागे राहायचे, ते सोमवारी पहाटे उठून कापायची. बोटांना चिरा. मी बघायचे आणि पुस्तकात डोकं खुपसायचे. म्हणायचे, एकदा वर्दी मिळाली की सगळं फेडीन.

दुसऱ्या वर्षी पुन्हा वर्धापनदिन जवळ आला. पॅसेज धुवायचं काम आम्हा पोरींवर. मी तो पत्रा उचलला, भिंतीला उभा टेकवला, खालची फरशी घासली. घासून वर बघितलं तर पत्र्याची दुसरी बाजू समोर. निळा रंग, पांढरी अक्षरं.

'ही अभ्यासिका पालिकेच्या अनुदानातून चालविली जाते. सर्व विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य खुली.'

मी पुन्हा वाचलं. आई शप्पथ, आधी हसूच आलं. त्याच फळ्यावर बसून मी नागरिकशास्त्र पाठ करत होते! नागरिकांचे हक्क, कलमं, सगळं घडाघडा. आणि हक्क बुडाखाली, पालथा. मग हसू गेलं. मी पत्रा होता तसा पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी पालिकेत गेले. खिडकीतल्या भाऊंना म्हटलं, संस्थांना दिलेलं अनुदान कुठे बघायला मिळतं? त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "लपवलेलं नाही काही. बाहेर नोटीस बोर्डावर लागतं, वेबसाइटवर पण असतं. बघायला कुणी येत नाही."

"मी आलेय."

बघितलं. संस्थेचं नाव होतं. कशासाठी, तेही होतं: अभ्यासिका चालविणे, देखभाल व साफसफाई. साफसफाई! जी आम्ही करत होतो. भाऊंना विचारलं, बोर्ड लावावा लागतो का? "अटच असते ती. दर्शनी भागात, बाहेर, लोकांना वाचता येईल असा."

घरी आले. आईला सांगितलं. ती पॅन्टचे पाय उलटे करून धागे कापत होती.

"म्हणजे पैसे साहेबांचे नाहीत?"

"नाहीत. सरकारी आहेत. तू घरपट्टी भरतेस, त्यातलेही आहेत."

कात्री थांबली. "हलवायाच्या घरावर तुळशीपत्र," ती पुटपुटली. हातातली पॅन्ट घडी घालून बाजूला ठेवली, पुन्हा उचलली.

"आणि माझे रविवार गं?"

मी एक पॅन्ट ओढून धागे कापायला बसले. तिनेच मग आवाज बदलला. "हे बघ, तू गप बस. परीक्षा तोंडावर आलीय. आपला हात दगडाखाली आहे. आधी वर्दी, मग काय ते बोल."

खरं होतं तिचं. बाहेर काढलं तर वाचायला जागा कुठे होती? म्हणून मी गप्प बसायचं ठरवलं. शपथेवर सांगते, ठरवलं होतं.

वर्धापनदिनाचा मांडव उभा राहिला. मॅडमने कागद हातात दिला. तेच वाक्य, तीच रेघ. पण यंदा खाली एक नवीन ओळ होती. 'माझी आई दर रविवारी साहेबांच्या घरी प्रेमाने सेवा करते.'

प्रेमाने. सेवा.

मी माइकपाशी गेले. कागद उघडला. सतरंजीवर आई दिसली, चिरा पडलेली बोटं मांडीवर ठेवून बसलेली. मी कागदाची घडी घातली आणि बोलले, "ही अभ्यासिका सरकारी पैशावर चालते. बोर्ड पॅसेजमध्ये पालथा पडलाय, जाऊन बघा. ती सगळ्यांसाठी मोफत आहे. माझ्या आईने तिथल्या जागेसाठी दर रविवारी यांचे संडास धुतले. मी आभार मानणार नाही."

शेवटचे शब्द माइकशिवाय गेले. वायर कुणीतरी ओढली होती. साहेब छताकडे बघत होते. मॅडम पहिल्या रांगेला ऐकू जाईल अशी बोलली, "या लोकांना उपकाराची जाणीवच नसते."

या लोकांना.

पण घाव तो नव्हता. घाव पुढे होता. आई उठली, खुर्च्यांमधून वाट काढत स्टेजपर्यंत आली आणि तिने हात जोडले. "साहेब, पोरगी लहान आहे. माफ करा. मी येत जाईन."

मी खाली उतरले. तिचे जोडलेले हात धरले आणि सोडवले. जोर लावावा लागला. ती सोडत नव्हती. "आई, हात सोड," म्हटलं. "यांच्यापुढे नाही." तिचा एक हात हातात घट्ट धरून तिला मांडवाबाहेर आणली. रस्ताभर ती मला शिव्या देत होती. त्यानंतरच्या रविवारी सवयीने डबा भरायला बसली. मी दारात आडवी उभी राहिले. ती गेली नाही.

जागा गेली. मैदानाच्या पायऱ्यांवर बसून वाचलं. नापास झाले. आता एका लॅबसाठी घरोघर रक्ताचे नमुने गोळा करते, कॅम्प तीनपासून बदलापूरपर्यंत. आई अजून म्हणते, "तेव्हा गप बसली असतीस तर आज अंगावर वर्दी असती." असती कदाचित. तिला काय सांगू? लागतं ते. फार लागतं.

पण गप्प बसवत नाही. फिरताना व्यायामशाळा दिसते, पाळणाघर दिसतं, म्हाताऱ्यांचा हॉल दिसतो. प्रत्येकावर कुणाच्या तरी वडिलांचं नाव, हे एवढं मोठं. मी आत जाऊन विचारते, पैसे कुणाचे? बोर्ड कुठाय? लोक वैतागतात. "दीदी, आप ब्लड लो ना, लफडा मत करो." करणार. लफडं तर लफडं.

मी पालिकेत अर्ज केला, म्हणून अभ्यासिकेत बोर्ड लागला. कुठे? दाराच्या मागे. दार उघडं असलं की झाकला जातो. चोर तो चोर, वर शिरजोर. मी तिथून गेले की आत जाऊन दार लावते. कुणी म्हणतं, "ताई, गरम होतंय." मी म्हणते, "बोर्ड बाहेर लावा, मग दार उघडा."

परवा पालिकेत नवा अर्ज दिला. आईला बरोबर नेलं, अंगठा नव्हे, तिची सही घेतली. मोफत जागेच्या बदल्यात करून घेतलेली कामं अनुदानाच्या माहितीत संस्थेच्या नावापुढे लिहा, आणि त्यांची मजुरी वसूल करून द्या, असा अर्ज. आई दाराशीच उभी राहिली होती, चप्पल काढून. खिडकीतल्या भाऊंनी वाचलं, डोकं खाजवलं.

"ताई, याला रकानाच नाही."

"मग आखा," मी म्हटलं. आईला हाताला धरून आत आणलं, चप्पल घालायला लावली, एक खुर्ची तिच्यासाठी ओढली, एक माझ्यासाठी. "आखा. आम्ही बसलोय."