उंबऱ्यावरची राख आणि थाळीतले पीठ

भुताची ती कादंबरी मी तालुक्याच्या वाचनालयातून आणली, तो २००९ चा हिवाळा होता. पत्नीला जाऊन दीड वर्ष झाले होते. बोदलकसाच्या जलाशयाजवळच्या एका गावातील शाळेत मी विज्ञान शिकवीत असे. शाळा सुटली की घरी बोलायला कोणी नसे, म्हणून वाचीत असे. भुताखेतांच्या पुस्तकांकडे मी कधी वळलो नव्हतो. पण त्या कपाटात न वाचलेले तेवढेच उरले होते.

वाचताना शेजारी कागद-पेन्सिल ठेवण्याची माझी सवय आहे. पहिल्या साठ पानांत ‘भेसूर’ हा शब्द इतक्या वेळा आला की मी मोजणे सोडून दिले. भीतीचे नाव वारंवार घेतल्याने वाचकाला भीती वाटत नाही, हे मी मुलांना निबंध तपासताना सांगत आलो आहे. दुसरी उणीव मला अधिक खटकली. या कादंबरीतील मृत स्त्री घरात आली की दारे आपटतात, भांडी पडतात. माझा अनुभव असा होता की रिकाम्या घरात भांडे जिथे ठेवावे तिथेच दुसऱ्या दिवशी सापडते.

मात्र एका प्रकरणापाशी मी थांबलो. कादंबरीचा नायक विधुर आहे, जंगलातल्या बंगल्यावर रखवालदार आहे. मेलेली बायको रात्री घरात येते, हा आपला संशय तपासून पाहावा म्हणून तो संध्याकाळी उंबऱ्यावर राख पसरतो. सकाळी राखेत अनवाणी पाऊल उमटलेले असते, आत येणारे. तो किंचाळत पळून जातो. ते पान मी तीन वेळा वाचले. भीती वाटली नाही. त्या माणसाचा हेवा वाटला, आणि तो पळाला म्हणून रागही आला.

आमच्याकडे दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, जिथे माणूस गेला तिथे दिव्याजवळ थाळीत तांदळाचे पीठ सारखे करून ठेवतात आणि वर बांबूची टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून पिठावरचे ठसे पाहायचे. पाखराचा पाय, मुंगीची रेघ, लहान मुलाचे पाऊल, जे दिसेल त्यावरून गेलेले माणूस कोणत्या रूपात गेले ते सांगतात. माझी थोरली बहीण, तिला आम्ही बाई म्हणतो, तिने पत्नीसाठी अशी थाळी मांडली होती. सकाळी अंगणात नातेवाईक होते, माझ्या विद्यार्थ्यांचे पालक होते. वर्गात अंधश्रद्धेवर बोलणारा शिक्षक आता काय करतो, हे सगळे पाहत आहेत असे मला वाटले. मी टोपली उचलली, नजर भिंतीवर ठेवली आणि फळा पुसावा तसा तळहात पिठावरून फिरवला. म्हणालो, “मुंग्या होत्या.”

पाहिलेच नव्हते.

कादंबरी अर्धी ठेवून पुढच्या रविवारी मी बिरसीला बाईकडे गेलो. ती अंगणात धान वाळत घालत होती. डोक्यावरून जवळच्या धावपट्टीवरचे, शिकाऊ वैमानिकांचे विमान घरघरत गेले. ते दूर गेल्यावर मी विचारले.

“बाई, तू त्या दिवशी माझ्याआधी टोपली उचलली होतीस का?”

तिने वर पाहिले. “कोणती टोपली?”

“दहाव्याची.”

“आता काऊन विचारून राहिला? तूच तं सांगितलं, मुंग्या होत्या म्हणून.”

“मी पाहिलं नव्हतं.”

ती बराच वेळ धान पसरत राहिली. मग म्हणाली, “वा रे मास्तर! फळा समजला काय ते पीठ?” हसली नाही.

“तू पाहिलं असशील, म्हणून आलो.”

“मी कायले पाहू? पहिलं तुले पाहावं लागते. तुया मान होता. मी रातभर दिव्यापाशी बसली, पण टोपलीले हात नाही लावला.” हात पदराला पुसत ती उठली. “आता जेवून जा. सकाळपासून काही खाल्लं नसशील.”

जेवताना तिने तो विषय काढला नाही. माझ्या ताटात भात मात्र दोनदा वाढला.

म्हणजे ते पीठ कोणीच पाहिले नव्हते. पाहण्याचा हक्क एकट्या माझा होता आणि तो मी चार लोकांच्या लाजेने वापरला नाही. तिथे खरोखर काही होते का, हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकाला अवघड नाही. माझे उत्तर आजही तेच आहे. पण पत्नीसाठी करायचे शेवटचे काम नुसते पाहण्याचे होते, आणि ते राहून गेले.

घरी परतल्यावर संध्याकाळी मी तांदळाचे पीठ चाळले, थाळीत पसरले आणि पट्टीने सपाट केले. घरात टोपली नव्हती, म्हणून सूप पालथे घातले. ही तिथी नव्हती, जागाही नेमकी आठवत नव्हती. खाट तेव्हा खिडकीकडे होती की भिंतीकडे, यावर मी बराच वेळ अडलो.

सकाळी चांगला उजेड पडू दिला. चष्मा पुसून लावला आणि सूप उचलले. पिठावर काठापासून मधोमध एक बारीक, वाकडी रेघ गेली होती आणि तिच्या टोकाशी दोन मुंग्या अजून चालत होत्या.

मी त्यांच्याकडे पाहत खाली बसलो. त्या दिवशी शाळेत मला पहिल्यांदा उशीर झाला. थाळी मी पुसली नाही.