मोतिया आणि मलई

जळगावात माझं मोठ्या कागदांचं दुकान आहे. नकाशे, इमारतींचे प्लॅन, जुनी चित्रं, जे साध्या झेरॉक्सच्या काचेवर मावत नाही ते माझ्याकडे येतं. सुरुवातीला मी ट्रेसिंग पेपरवर हाताने रेघा मारायचो. मग अमोनियाच्या वासात डोळे चोळत प्रती काढायचो. पुढे मोठे कागद छापणारा प्लॉटर आला, स्कॅनर आला. एवढं सगळं बदललं, पण रंग मी कधी मशीनच्या स्वाधीन केला नाही. स्कॅन झाला की कॉम्प्युटरसमोर मी स्वतः बसायचो आणि नजरेने रंग जुळवायचो. यांच्याकडे काम दिलं की परत बघावं लागत नाही, असं आर्किटेक्ट लोक एकमेकांना सांगायचे. ते ऐकून मला बरं वाटायचं. खरं म्हणजे जरा जास्तच बरं वाटायचं.

धुळ्याहून एक बाई आल्या तेव्हा मी साठीला टेकलो होतो. देवपूरच्या एका शाळेतून चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या आसपासच्या. चादरीत गुंडाळलेली एक लांब गुंडाळी त्यांनी दोन्ही हातांवर आडवी धरून आणली होती, बाळ आणावं तशी. माझ्या बायकोने काउंटर रिकामा केला आणि आम्ही तिघांनी मिळून ती उलगडली.

चारेक फूट रुंदीचा जाड कागद. त्यावर रांगेने हाताने रंगवलेले छोटे चौकोन, दीडशेच्या वर असतील. प्रत्येकाच्या खाली बारीक अक्षरात रंगाचं नाव, मराठीत आणि उर्दूत. डाळिंबी, मोरपंखी, अबोली, पोपटी, चिंतामणी, जांभळा, आमसुली, बदामी. बाईंचे वडील धुळ्याच्या कापडगिरणीत रंगारी होते. गिरणी बंद पडली, माणूस घरी बसला. पुढच्या वर्षभरात त्यांनी हाताखालून गेलेले सगळे रंग आठवून आठवून या कागदावर उतरवले होते. बाईंचे दोन भाऊ आहेत, एक मालेगावला, एक सुरतला. दोघांनाही हा कागद हवा होता. बाईंनी ठरवलं की दोघांना एकेक प्रत द्यायची, एक आपल्या भिंतीला लावायची आणि मूळ कागद पेटीत ठेवायचा.

जाताना त्या म्हणाल्या, "भाऊ, खाली जे नाव लिहिलंय, वर तोच रंग दिसला पाहिजे. नाहीतर त्या नावाला अर्थ नाही."

मी म्हटलं, काळजी करू नका.

माझा स्कॅनर कागद रोलरमधून ओढून घेतो. रंगाचे पोपडे उडू नयेत म्हणून मी तो कागद पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या पाकिटात घातला आणि अगदी सावकाश आत सोडला. स्कॅन उत्तम आला. स्क्रीनवर मात्र सगळ्यावर एक पिवळट छटा दिसत होती. जुना कागद, पिवळा पडलाच असणार. मी थोडा निळा वाढवला, मग आणखी थोडा, आणि कोरी जागा पांढरी दिसली तेव्हा थांबलो. एक प्रत छापली, मुळाशेजारी ठेवून पाहिली. मला दोन्ही सारख्या दिसल्या.

आठ दिवसांनी बाई आल्या. त्यांनी प्रत उचलली आणि दुकानाच्या दारात, उजेडात नेली. बराच वेळ बघत उभ्या होत्या. मग परत येऊन एका रांगेवर बोट ठेवलं. मोतिया, मलई आणि बदामी तिन्ही एकच झालेत, म्हणाल्या. आणि जांभळा उगाच निळ्याकडे गेलाय.

मी त्यांना समजावलं की कागद पिवळा पडला होता, तो पिवळेपणा मी काढला आहे. त्या म्हणाल्या, कागद मुळातच थोडा साईसारखा आहे, आणि आयुष्यभर पेटीत अंधारात होता, पिवळा कशाला पडेल? मी वाद घातला. या धंद्यात किती वर्षं काढली तेही सांगितलं. बाई भांडल्या नाहीत. मूळ कागद माझ्याकडेच ठेवून, पुन्हा एकदा करून बघा, एवढं म्हणून गेल्या.

मी दोष शाईला दिला. शाई बदलली. मग कागदाला दिला, तोही बदलून दुसरी प्रत काढली. शेवटी नाशिकहून मशीनवाला बोलावला. तो रंग मोजायचं एक छोटं यंत्र घेऊन आला, मुठीत मावणारं. ते छापलेल्या पट्टीवरून फिरवायचं आणि आकडे वाचायचे. दुपारभर त्याचं काम चाललं. मग हात पुसत तो म्हणाला, "काका, मशीन एकदम बरोबर आहे. फाईलच निळी आहे. हा निळा फाईलमध्ये कोणी घातला?"

घालणारा दुसरा कोण असणार?

तो गेल्यावर मी शटर अर्धं ओढून बसून राहिलो. गेल्या दोनतीन वर्षांतल्या बारीकसारीक गोष्टी एकेक करून डोक्यात यायला लागल्या. एका शाळेने परत केलेला जगाचा नकाशा. एका बिल्डरने हसत हसत म्हटलेलं, तुमची हिरवळ हल्ली समुद्रासारखी दिसते. दिवाळीला बायको नवी साडी नेसली तेव्हा मी म्हटलं होतं की सणाला काळी कशाला? ती पारोळ्याजवळच्या खेड्यातली. चिडली की माहेरच्या बोलीवर येते. तिने पदर माझ्या तोंडासमोर धरला होता.

"हाई काळी नही, निळी शे. तुमले काय व्हयनं?"

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं होतं. आता हसू येईना. माझ्या वडिलांची दृष्टी काचबिंदूने गेली. कडेकडेने अंधार येत गेला आणि शेवटची कितीतरी वर्षं ते भिंतीला हात लावून न्हाणीपर्यंत जायचे. आपल्यालाही तेच होतंय, अशी माझी खात्रीच पटली. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही. दुकानात बसायचो, पण रंगाचं काम आलं की काहीतरी कारण काढून पुढे ढकलायचो. बाईंचा कागद टेबलाखालच्या खणात होता. खणाकडे बघायलाही नको वाटायचं.

पंधरा दिवस असे गेले. मग बाई पुन्हा आल्या. भाचीकडे जळगावला आले होते, म्हटलं डोकावून जावं, असं म्हणाल्या, पण माझा चेहरा बघून त्यांना काहीतरी कळलं असावं. त्यांनी प्रतीचं विचारलंच नाही. मूळ कागद बाहेर काढायला सांगितला. प्रिंटरशेजारच्या गठ्ठ्यातून एक कोरा कागद उचलला आणि तो मूळ कागदाच्या समासावर ठेवला.

"हा कोरा कागद तुम्हाला कसा दिसतो?"

"तसाच. पिवळसर."

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. तो गठ्ठा मी सकाळीच फोडला होता. कंपनीतून आलेला, पांढराशुभ्र कागद.

बाई स्टुलावर बसल्या. त्यांनी सावकाश सांगितलं की चार वर्षांपूर्वी त्यांचंही हेच झालं होतं. नोकरी संपल्यावर घरी चित्रं काढायच्या, आणि आभाळ त्यांना काही केल्या पुरेसं निळं वाटायचं नाही. आणखी निळा, आणखी निळा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर घरी येऊन आपलीच चित्रं पाहिली आणि खूप हसू आलं. सून घाबरली, हिला काय झालं म्हणून. तेव्हा भाऊ, आधी डोळे दाखवून या, म्हणाल्या. माझा कागद कुठे पळून जात नाही.

मी त्यांना वडिलांचं सांगितलं. काचबिंदूचं. बायको मागे उभी होती, तिनेही ते तिथेच पहिल्यांदा ऐकलं. संध्याकाळच्या आत तिने डॉक्टरांचा नंबर लावला.

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या. थेंब टाकले, बसवून ठेवलं, दाब मोजला, दिव्यातून आत पाहिलं, मग कडेचं किती दिसतं ते एका यंत्रावर तपासलं. तो सगळा वेळ मी खुर्चीचे हात घट्ट धरून होतो. शेवटी त्या समोर येऊन बसल्या.

"काचबिंदू नाही. दाब चांगला आहे, नसही चांगली आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, बऱ्यापैकी पिवळा. काढला की झालं."

मी त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारणार होतो तर बायकोने हातावर हात ठेवला. बाहेर आलो. थेंबांमुळे रस्ता धूसर दिसत होता, रिक्षांचे दिवे फुलल्यासारखे मोठे झाले होते. समोरच्या गाडीवर आम्ही चहा घेतला. मला आठवतं, मी दोन कप प्यालो आणि वर भजी मागवली. पंधरा दिवसांत जेवणाला चव अशी ती पहिल्यांदा लागली.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. बायको मुद्दाम दिवाळीची साडी नेसून समोर उभी होती. गडद निळी. इतकी निळी की क्षणभर ती साडी दुसरीच वाटली. दवाखान्याची भिंत मी आदल्या दिवशी फिकट पिवळी समजून चाललो होतो, ती पांढरी निघाली. मी एकेक डोळा झाकून बघायला लागलो. उजव्याने पांढरी, डाव्याने चहा सांडल्यासारखी. पांढरी, चहा. नर्स म्हणाली, पुरे आता, डोळ्याला हात लावू नका.

डॉक्टरांनी सांगितलेले दिवस घरी काढले आणि काळा चष्मा लावून दुकानात गेलो. सावलीत चष्मा काढून आधी माझ्या त्या दोन प्रती भिंतीला लावल्या. बघवत नव्हत्या. सगळा कागद थंडीत काकडल्यासारखा निळा. मलई तर नावालाही नव्हती. बाईंनी हे पाहूनही मला इतक्या शांतपणे कसं सांगितलं असेल, याचंच नवल वाटलं. मग मूळ कागद काढला आणि ज्या रांगेवर त्यांनी बोट ठेवलं होतं ती पाहिली. मोतिया वेगळा होता, आतून किंचित गुलाबी. मलई वेगळी, दुधावर धरलेली. बदामी त्याहून दाट. तीन स्वतंत्र रंग शेजारीशेजारी बसले होते, आणि मी त्यांच्यासमोर उभा राहून एका चित्रकलेच्या शिक्षिकेला रंग शिकवत होतो. लाज वाटली, पण त्या लाजेलाही काही वजन नव्हतं. दिसतंय, एवढंच मनात होतं.

पहिला स्कॅन मी तसाच जपून ठेवला होता. माझी सगळी दुरुस्ती पुसून टाकली आणि फाईल जशी मशीनने वाचली होती तशीच छापली. नाशिकच्या माणसाकडून ते मोजायचं यंत्र चार दिवसांसाठी मागवून घेतलं. प्रत्येक चौकोन आधी यंत्राने तपासला, मग डोळ्याने. दोघांचं पटलं की पुढे. जांभळ्यापाशी जरासं अडलं, तेवढं सुधारलं. तीन प्रती झाल्या.

त्या पोहोचवायला मी स्वतः धुळ्याला गेलो. सकाळची एसटी धरली, एरंडोल-पारोळा करत धुळ्याला उतरलो आणि पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात बाईंच्या घरी. त्यांनी प्रती खोलीत उलगडू दिल्या नाहीत. अब्बा रंग नेहमी सकाळी, अंगणात, ऊन अंगावर न घेता बघायचे, म्हणाल्या. अंगणात सतरंजी अंथरली. मूळ कागद मध्ये, भोवती तीन प्रती. बाई गुडघे धरत खाली बसल्या आणि एकेका चौकोनावर बोट ठेवत नाव मोठ्याने वाचू लागल्या. नाव वाचायचं, मुळाकडे बघायचं, प्रतीकडे बघायचं. मोतिया. मलई. बदामी. तिथे थांबल्या, माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुढे गेल्या. मी अंगणाच्या कडेला उभा होतो. खांद्यावरचं ओझं कुणीतरी हळूहळू उतरवून घेत असावं तसं वाटत होतं.

शेवटच्या रांगेत एक रंग होता, गुलबाशी. तिथे बोट अडलं. मुळातला गुलबाशी पेटल्यासारखा होता, प्रतीतला त्यापुढे विझलेला. मला ते माहीत होतं. यंत्रानेही सांगितलं होतं. माझ्या मशीनच्या शाईत तो रंग नाहीच, कितीही जुळवलं तरी तिथवर पोहोचत नाही. पूर्वी मी काहीतरी कारण सांगितलं असतं. या वेळी म्हटलं, "बाई, हा माझ्याच्याने होत नाही."

त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. गुलबाशी अब्बांनाही सोपा नव्हता, म्हणाल्या. गिरणीत त्यांनी तो एकदाच मनासारखा साधला होता, त्यानंतर प्रत्येक वेळी थोडा कमीच लागायचा, आणि जेवताना ते तेच सांगत बसायचे. त्या आत गेल्या आणि पेन्सिल घेऊन आल्या. पहिल्या प्रतीवर, गुलबाशीच्या खाली, बारीक अक्षरात लिहिलं: याहून उजळ. दुसऱ्या प्रतीवरही तेच. तिसऱ्या प्रतीपाशी पेन्सिल माझ्याकडे दिली. मी चष्मा वर सरकवला, सतरंजीवर ओणवा झालो आणि त्यांच्या अक्षरासारखंच लिहायचा प्रयत्न केला.