नानांना सांगायचं म्हणून तोरणमाळ

सातपुड्यातल्या तोरणमाळची सहल हे निमित्त. खरं म्हणजे मला नानांना, माझ्या वडिलांना, एक गोष्ट सांगायची होती. मी चाळिशीत आल्यावर डॉक्टरांनी मला एडीएचडी असल्याचं सांगितलं. लक्ष उडतं, हातातलं काम अर्धवट राहतं, ते आळसामुळे नाही. मेंदूची घडणच तशी. पण जन्मभर मला 'धांदरट' म्हणत आलेले नाना हे मानतील का, याची धाकधूक होती.

नाशिकहून शहाद्याची एसटी घ्या, बायकांना अर्धं तिकीट आहे. मी आरक्षणही केलं होतं, फक्त आदल्या दिवसाचं. कंडक्टर तिकीट बघून शांतपणे म्हणाला, "ताई, ही गाडी काल गेली." धुळ्यापर्यंत उभी राहिले. शहाद्यापासून आमचं म्हसावद जवळच. पोचले तेव्हा आईची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तयार होती, ठेचा असा की कानातून धूर निघावा.

सकाळी पपईला पाणी सोडून नाना आले आणि आम्ही त्यांच्या गाडीतून निघालो. पेट्रोल शहाद्यातच भरून घ्या. पुढे घाटात वळणं अरुंद आहेत आणि नेटवर्क जातं. ते जायच्या आत नानांचा फोन वाजला. शेजारच्या शेतातले भगवानकाका होते.

"नाना, मन्हा वावरमा पानी ई ऱ्हायनं. मोटर बंद करी दिधी. तुम्ही निवांत जा."

"बरं," मोटर बंद करायला विसरलेले नाना म्हणाले.

"नेहमी होतं असं?" मी विचारलं.

"सदा व्हस. मन्हं ध्यान कोठे बी जास. भगवान शे ना."

काकांनी नानांच्या मोटरच्या पेटीची दुसरी किल्ली केव्हाच करून घेतली आहे, हे मला तिथे कळलं. नानांचं 'असंच असतं' म्हणून अख्ख्या गावाने त्यांना सांभाळून घेतलं. तेच मी केलं की मी धांदरट. राग आला, पण गाडी चालवणाऱ्या त्या म्हाताऱ्याकडे बघून त्याहून जास्त माया आली.

वर यशवंत तलावाकाठी बसून मी सगळं सांगितलं: गोळ्या, डॉक्टर, आणि हे बरेचदा आईबापांकडून येतं तेही. नानांनी ऐकलं, मग मध्येच उठून सीताफळं विकणाऱ्या बाईकडे गेले. भरपूर सीताफळं घेऊन आले आणि त्यांच्या गोडीबद्दल बोलत राहिले. सांगणं वाया गेलं, असं वाटलं.

नाशिकला परतून आठवडा झाला. तोरणमाळचा गारवा विसरले, सीताफळं संपली. काल संध्याकाळी नानांचा फोन आला. ते स्वतः कधी फोन करत नाहीत.

"बेटा, लहानपनी मी तुले गैरं बोलनू," ते म्हणाले. "माले समजनं नही."

मला रडू आवरेना. कसंबसं म्हटलं, "नाना, तुमले तरी कोनी सांगं व्हतं?"