पाण्यात करंट आहे

माझा स्वभाव मुळातच उतावळा. कुकरची शिट्टी व्हायच्या आत मी दोनदा गॅसपाशी जाऊन येते. आणि संशोधनाला निवडलं काय, तर चिखल! नेऱ्याकडच्या एका ओढ्यात नव्या सोसायट्यांचं मैलापाणी उतरतं. गाळातले जिवाणू ती घाण खातात आणि खाता खाता थोडी वीज सोडतात. ती गोळा करायला कार्बनची एक चटई गाळात पुरायची, दुसरी वर पाण्यात सोडायची, मधे वायर आणि वीज मोजायचा मीटर. ओढा हळूहळू निवळतो. पण गाळ ढवळला की पहिले पाढे पंचावन्न.

नेमका तिथेच ओढा ओलांडायचा उतार. एक मावशी रोज मेंढ्या घेऊन तिथूनच पलीकडच्या माळावर जायच्या. दोनदा वायर तुटली. तिसऱ्यांदा माझं डोकंच सणकलं. वायरीपाशी, भर पाण्यात मी पाटी रोवली: 'सावधान! पाण्यात करंट आहे.' वर लाल कवटी काढली. खरं तर तेवढ्या विजेवर भिंतीवरचं घड्याळसुद्धा चाललं नसतं.

मेंढ्या यायच्या बंद झाल्या. मीटरवरचा आकडा चढू लागला. मावशी आता पुलावरून, डंपरच्या रस्त्यानं जातात हे मला दिसत होतं. मी तिकडे काणाडोळा केला.

एका सकाळी चहाच्या टपरीवर कळलं, त्यांची गाभण मेंढी डंपरखाली गेली. सांगावं, की गुपचूप पाटी काढावी? काढली तर लोक विचारतील. घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. चौथ्या दिवशी तशीच उठून ओढ्यावर गेले. रोजचे गमबूट घालायचंही सुचलं नाही. पाटी उपटायला पाण्यात पाय टाकणार, तोच मागून कुणीतरी दंडाला धरून खस्सकन ओढलं.

मावशी होत्या. धापा टाकत होत्या.

"येडी का खुळी गं तू? करंट हाय न्हवं त्यात! माझी मेंढी गेली ती गेली. तुला काय झालं तर तुझ्या आयनं काय करायचं?"

मला रडूच फुटलं. "मावशी, करंट नाहीये. मी खोटं लिहिलं. गाळ हलू नये म्हणून."

त्यांना पटेना. मी दोन्ही हात पाण्यात घातले. मग त्याही वाकल्या, भीत भीत बोटं बुडवली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"मंग मी माझी मेंढी त्या रस्त्यानं का नेली?"