धाऊची हाळी

धाऊची हाळी ऐकली की आमच्या पाड्यावर प्रत्येकजण आधी हातातलं काम टाकून कान देतो. डोळखांबच्या वर, टेकडीच्या अंगावर आमची तीस घरं. ग्रामसभा असो की कुणाची गाय हरवो, हाळी द्यायची ती धाऊनेच. पण तो चोराचं नावही ओरडतो, म्हणून ती पुरती ऐकेपर्यंत जिवात जीव नसतो.

चोरी झाली तर पोलीस नकोत, ही आमची जुनी रीत. चोराने चोरीचा माल डोक्यावर घ्यायचा आणि धाऊने पुढे ओरडत त्याला दारोदार फिरवायचं. शेवटच्या घरी त्या माणसाला पाणी द्यायचं, आणि मग तो विषय कुणी काढायचा नाही. आम्हाला ही शिक्षा फार मायेची वाटायची. ज्याच्या डोक्यावर टोपली नसते त्याला ती वाटतेच!

यंदा चैत्रात बाईजाची लेक रुपा मंगळूच्या मोहाखाली फुलं वेचताना सापडली. मोहाला गवताची गाठ बांधली की त्या सालापुरतं झाड बांधणाऱ्याचं. गाठ नव्हतीच, असं रुपा कळवळून सांगत होती. कुणी मानलं नाही. धाऊने मात्र त्याच सकाळी ते खोड पाहिलं होतं. वणव्यात बुंधा काळा पडला होता, गाठ जळून गेली होती. आपलं काम हाळी द्यायचं, न्याय करायचं नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि रुपाचं नाव ओरडत पुढे निघाला. मीही त्या घोळक्यात होतो. हसलो नाही, एवढीच माझी मर्दुमकी.

शेवटच्या घरी रुपा पाणी प्यायली. पूर्वी तिथे सगळं मिटलं असतं. पण भाविकने, कसाऱ्याला कामाला जाणाऱ्या पोराने, सगळं मोबाईलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ शहापुरात पोचला. तिथल्या कापडाच्या दुकानात रुपा कामाला होती. उद्यापासून येऊ नको, असा मालकाचा फोन आला. सकाळी बाईजा उठली तर रुपा घरात नव्हती.

धाऊ आधी विहिरीत डोकावला, मग आम्हाला घेऊन रानात शिरला आणि हाका मारत सुटला. "रुपा! रुपा गो!" सगळी टेकडी दणाणली. ओ आली नाही. ऊन डोक्यावर आलं, तसा त्याचा आवाज चिरकायला लागला. आता आपण काय बघणार, या भीतीने मला पुढची झुडपं बाजूला सारवेनात.

शेवटी बाईजाने त्याचा दंड धरला. "तू गप ऱ्हा. तुमी कोनी येऊ नका," म्हणाली आणि एकटीच कड्याकडे गेली.

बऱ्याच वेळाने ती रुपाला हाताला धरून घेऊन आली. पोरीचे पाय काट्यांनी सोलले होते. धाऊने हात जोडले. गाठ जळलेली आपण पाहिली होती, हे त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं.

रुपा आईच्या मागे सरकली.

"मी कड्यावर बसली व्हती," ती म्हणाली. "तुजी हाळी आली का मी फुडं सरकायची. आय आली तवा फुडं जागाच नव्हती."