रेषेची वरची बाजू

मुलगी आणि मी एकाच वर्षी बारावीला बसलो. ती कॉलेजातून, मी बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून. मे महिन्यात निकाल लागला तेव्हा ती फर्स्ट क्लास आणि मी गणितात नापास. बाकीचे विषय सुटले, गणितात नऊ मार्क कमी पडले. पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत ही बातमी माझ्या मोटरसायकलच्या आधी पोचली. "लेक फुडं गेली, बापूस ऱ्हायला मागं," असं दुकानाच्या ओट्यावर एकजण म्हणाला. मी त्याच्याशी दोन आठवडे बोललो नाही. मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो.

या वयात बारावी कशाला, असं सगळ्यांनी विचारून झालं होतं. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी अठरा वर्षं रिॲक्टरवर ऑपरेटर होतो. औषधाचा माल ज्या मोठ्या बंद भांड्यात तयार होतो तो रिॲक्टर. जिने चढायचे, गेज वाचायचे, व्हॉल्व्ह फिरवायचे, हे माझं काम. मग नोटीस लागली की कंट्रोल रूममध्ये पॅनेलवर बसायचं तर बारावी पास पाहिजे. ज्या रिॲक्टरचा नुसता आवाज ऐकून मी त्याची तब्येत सांगतो, त्याच्या पॅनेलवर काल आलेली पोरं बसणार आणि मी खालून त्यांना "हो साहेब" म्हणणार. हे मला सहन होणारं नव्हतं. जुलैच्या फेरपरीक्षेत गणित सुटलं तर पॅनेलवाल्यांच्या यादीत माझं नाव लागणार होतं, नाहीतर तो विषय संपला.

निकालानंतर मुलीने मला पडवीत बसवलं. "बाबा, पेपरातलं आलेखाचं गणित परत सोडवा. नक्की कुठे गेलं ते बघू."

आलेखाबद्दल मला खात्री होती. दोन एक्स अधिक तीन वाय, बारा किंवा जास्त. एका अक्षावर सहाला टिंब, दुसऱ्यावर चारला टिंब, पट्टी धरून रेघ. रेघ अशी सरळ की बघत राहावं. मग रेघेची कुठली बाजू घ्यायची ते ठरवायला एक्स आणि वाय दोन्हींच्या जागी शून्य घालून पाहिलं. शून्य काही बारापेक्षा मोठं नाही, म्हणून ऐटीत "असत्य" असं लिहिलं. आणि हिरवी पेन्सिल घेऊन रेघेच्या खालचा सगळा भाग रंगवला.

मुलीने हिरव्या भागावर बोट ठेवलं. "शून्य असत्य आलं ना? मग शून्याचीच बाजू कशी रंगवलीत?"

तिने दुसरं उदाहरण दिलं. मी खाली रंगवलं. तिसरं दिलं, तेही खाली. "किंवा कमी" असेल तर माझं उत्तर अचूक, "किंवा जास्त" आलं की हमखास चूक. मला कळत होतं, तोंडाने मी बरोबर सांगतही होतो, पण पेन्सिल आपली खालीच जायची. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "पालथ्या घड्यावर पानी घालतंस गो बाय." मी वही मिटली आणि गुरांचं बघायला निघून गेलो. खरं तर गुरं आधीच बांधून झाली होती.

असे तीन आठवडे गेले. मुलगी चिडायची नाही, त्याचाच मला जास्त राग यायचा.

जूनमध्ये एकदा पहिल्या पाळीला मी रिॲक्टरजवळ उभा होतो. भांड्याला गार ठेवणारं पाणी त्याच्याभोवती सारखं फिरत असतं. त्या पाण्याचा काटा हळूहळू उतरायला लागला. गाळणीत काहीतरी अडकलं होतं. मी धावत जाऊन जोडीचा पंप सुरू केला आणि काट्याकडे डोळे लावून उभा राहिलो. चढ रे बाबा, चढ वर. काटा खुणेच्या वर गेला तेव्हा श्वास सोडला आणि आकडा लिहायला तक्ता हातात घेतला.

तापमानाच्या रकान्यावर छापलेलं होतं, "जास्तीत जास्त". पाण्याच्या रकान्यावर, "कमीत कमी". अठरा वर्षं दर तासाला मी हे दोन्ही रकाने भरत होतो. तापमान आणि दाब, दोन्हींची लाल खूण वर. तिच्या खाली राहिलं की सगळे सुखरूप घरी जातात, हे माझ्या हाताने पाठ केलं होतं, म्हणून तो प्रत्येक रेघेच्या खालीच हिरवं करत होता. पण पाण्याचं उलट होतं. पाण्याला रेघेच्या वर ठेवायचं. तापमान वाढेल तसं जास्त वर ठेवायचं. एक अक्ष तापमानाचा, एक पाण्याचा, आणि मधे तिरपी रेघ! मी एकटाच मोठ्याने हसलो.

घरी आल्याबरोबर मी मुलीला हाक मारली, "आलेखाचा कागद आण!"

"अवो, हेलमेट तरी काडा," बायको म्हणाली.

मी हेल्मेटसकट बसलो. मुलीने सहा उदाहरणं दिली. "किंवा जास्त" आलं की मी मनात पाणी म्हणायचो आणि पेन्सिल वर जायची. सहाच्या सहा बरोबर आली. मुलगी टाळ्या वाजवत आईला बोलवायला आत पळाली. माझे डोळे भरून आले, ते मी हेल्मेटच्या काचेवर ढकललं.

जुलैत सावित्री नदीच्या पुराचा भरवसा नको म्हणून आदल्या दिवशीच महाडला मेहुण्याकडे मुक्कामाला गेलो. वर्गात पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "पालकांनी बाहेर थांबायचं." मी हॉलतिकीट दाखवलं तेव्हा पोरं खिदळली. मग प्रश्नपत्रिका आली आणि सगळ्यांच्याच माना खाली गेल्या. आलेखाच्या प्रश्नात दोन रेघा होत्या, एक "किंवा कमी", एक "किंवा जास्त". एकीच्या खाली, दुसरीच्या वर. दोघींच्या मधे तिरपा पट्टा राहिला, तो मी कडेपर्यंत नीट रंगवला. मागच्या बाकावरचा पोरगा कुजबुजला, "काका, कुठली बाजू?" मी मान वळवली नाही. अठरा वर्षांनी कळलेली गोष्ट अशी फुकट कोण देतो?

गणितात बावन्न मिळाले. दुकानाच्या ओट्यावरच्या त्या माणसाला मी स्वतःच्या हाताने पेढा भरवला, आणि मार्क दोनदा सांगितले.

पॅनेलवर पहिल्या दिवशी मला शिकवायला माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठा असलेला इंजिनिअर होता. पडद्यावर रंगीत रेघा हलत होत्या. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, घाबरू नका. सोपं आहे. सगळं रेषेच्या खाली ठेवायचं, बस."

"पाणी सोडून," मी म्हणालो.

त्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "बसा."